फायर अलार्म पावसात रात्री उगाचच वाजतो? रीसेट दाबण्याआधी हे बघा

गेल्या जुलैमध्ये आमच्या सोसायटीत तीन आठवड्यांत नऊ वेळा फायर अलार्म झाला आणि नऊही वेळा आग नव्हती. वेळ साधारण ठरलेली, रात्री दोन ते पहाटे चार. बाहेर धो धो पाऊस. पहिल्या रात्री चौदा मजल्यांची माणसं जिन्याने खाली आली. एक आजी तर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या वेळी पाचसहा जण आले. सहाव्या वेळी मी एकटाच, लुंगीवर. वॉचमन मला म्हणाला, "काका, तुम्ही झोपा जाऊन. मी बंद करून टाकतो."

त्या "बंद करून टाकतो"ने माझी झोप पार उडाली.

आम्ही नेरुळला, पाम बीच रोडच्या बाजूला राहतो. खाडी जवळ, त्यामुळे गॅलरीच्या ग्रिलपासून स्कूटरच्या नटापर्यंत सगळ्याला गंज. मी टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात एका केमिकल कंपनीत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटवर काढली, म्हणून कमिटीने फायर अलार्मच्या पॅनलची किल्ली माझ्या गळ्यात मारली. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीचा मुलगा चार वेळा येऊन गेला. चारही वेळा त्याने रीसेट दाबलं, "सर, ह्युमिडिटीमुळे होतं" म्हणाला आणि वहीत सही करून गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ही ह्युमिडिटी नेमकी कुठे शिरते, हे बघायला तो एकदाही जिना चढला नाही.

हाच त्रास ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात बऱ्याच सोसायट्यांना होतो, म्हणून आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितो. आमचं पॅनल साधं, झोनवालं आहे, म्हणजे इमारतीच्या कुठल्या भागात अलार्म झाला तेवढंच ते सांगतं. ॲड्रेसेबल असेल तर डिटेक्टरचा नंबरच स्क्रीनवर येतो आणि तुमचं निम्मं काम वाचतं.

आधी दिव्याचा रंग बघा. लाल दिवा म्हणजे फायर. पॅनलला वाटतंय की आग दिसली. पिवळा दिवा म्हणजे फॉल्ट. यंत्रणाच आजारी आहे, वायर तुटली, बॅटरी गेली, असं काहीतरी. दोन्हीत पॅनलचा बझर किरकिरतो, म्हणून वॉचमनच्या लेखी दोन्ही एकच. आमच्या जुन्या वहीत नुसतं "अलार्म वाजला, बंद केला" असं लिहिलेलं होतं. कुठला दिवा, कुठला झोन, काही नाही. अशा वहीचा उपयोग शून्य. आता आम्ही वेळ, झोन, दिव्याचा रंग आणि पाऊस होता की नाही, एवढं लिहून घेतो. ही वही आठ दिवस नीट भरली, तेव्हाच दिसलं की प्रत्येक वेळी लाल दिवा, प्रत्येक वेळी झोन ५ आणि प्रत्येक वेळी पाऊस.

दुसरी गोष्ट, सायलेन्स आणि रीसेट ही दोन वेगळी बटणं आहेत. सायलेन्सने फक्त आवाज थांबतो. रीसेटने सगळं पुसलं जातं. स्मोक डिटेक्टर एकदा अलार्ममध्ये गेला की त्याच्यावरचा छोटा लाल दिवा लुकलुकायचं थांबून सलग पेटून राहतो, तो थेट रीसेट करेपर्यंत. कोणत्या डिटेक्टरने बोंब मारली ते सांगणारा पुरावा हाच. आणि आमच्याकडे बहुतेक वेळा वॉचमनने पंधरा सेकंदांत रीसेट दाबून टाकलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. अलार्म झाला की तो खरा आहे असंच धरायचं. एक माणूस पॅनलपाशी थांबतो, दुसरा टॉर्च आणि अग्निशामक सिलिंडर घेऊन जिन्याने त्या झोनमध्ये जातो. लिफ्ट नाही. धूर किंवा जळका वास आला की आधी १०१, बाकी सगळं नंतर. मजले फिरून काहीच नाही अशी खात्री झाली की मग सायलेन्स. रीसेट मात्र अजून नाही. आता झोनमधला एकेक डिटेक्टर मान वर करून बघायचा. फॉल्स सीलिंगच्या आत आणि डक्टमध्ये असलेले विसरू नका; तिथल्यांसाठी बाहेर वेगळा इंडिकेटर असायला हवा, पण तो नेहमी असतोच असं नाही.

एखाद्या डिटेक्टरचा दिवा पेटलेला दिसला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या आजूबाजूला. दिवा कुठेच नाही, पण भिंतीवरच्या लाल डबीची, म्हणजे एमसीपीची, काच फुटलेली किंवा आत दाबलेली असेल तर कुणाचा तरी हात लागला. आणि दोन्ही नसेल तर? आमच्याकडे नेमकं तेच होतं. झोन ५ लाल, एकही डिटेक्टर पेटलेला नाही, सगळ्या काचा शाबूत.

त्याआधी आमच्या फजितीचंही सांगतो. पॅनलशेजारी बिल्डरच्या काळचा इंग्रजी तक्ता चिकटवलेला होता, त्यात झोन ५ म्हणजे नववा-दहावा मजला. दोन रात्री आम्ही तिथेच माना मोडून घेतल्या. शेवटी दिवसाढवळ्या प्रत्येक मजल्यावरची डबी किल्लीने चालवून पाहिली, तेव्हा झोन ५ म्हणजे सातवा-आठवा निघाला. तुमचा तक्ता आजच तपासा. आम्ही नवा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरात लावला. रात्रीच्या वॉचमनला तो वाचता आला पाहिजे, कमिटीला नव्हे.

आता दिवा न पेटता लाल कसं होतं ते समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. झोनला पॅनलमधून दोन वायरी जातात, सगळे डिटेक्टर त्यांच्यावर लागलेले असतात आणि अगदी शेवटच्या डिटेक्टरवर एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. त्याला ईओएल म्हणतात, एंड ऑफ लाइन. त्यातून कायम थोडा करंट वाहतो आणि पॅनल तो मोजत बसतं. करंट पार थांबला तर वायर तुटली, म्हणजे फॉल्ट. डिटेक्टर चालला की तो जास्त करंट ओढतो, म्हणजे फायर. पॅनलला धूर कळत नाही, त्याला फक्त करंट कळतो. मग दोन वायरींच्या मध्ये ओल शिरली आणि तिथून डिटेक्टरइतकाच करंट गळायला लागला, तर पॅनलच्या दृष्टीने ती आगच. आणि डिटेक्टर चाललेलाच नसल्यामुळे दिवा कुठला पेटणार?

हे पडताळायला साधा मल्टिमीटर पुरतो. आमच्या पॅनलचा ईओएल ३.९ किलोओहमचा आहे. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, तो पॅनलच्या पुस्तकात बघा. झोनच्या दोन वायरी पॅनलमधून सोडवून मोजलं, तर सुक्या दुपारी आकडा ३.९ च्या आसपास. पावसाच्या रात्री अडीच वाजता मोजलं तेव्हा तो दीडच्या खाली, आणि तिथेही टिकेना, खालीवर नाचत होता. संपलं. डिटेक्टर निर्दोष, वायरिंगला पाणी लागलंय.

इथे दोन सावधगिरीचे शब्द. पॅनलच्या पेटीत २३० व्होल्टही येतात. ती बाजू परवानाधारक माणसाशिवाय कुणी उघडू नये, माझ्यासारख्या हौशी निवृत्ताने तर नाहीच. मी सोडवल्या त्या फक्त २४ व्होल्टच्या बाजूच्या वायरी, त्याही एएमसीच्या मुलाला समोर उभं करून. आणि झोन सोडवला की त्या दोन मजल्यांना तेवढा वेळ डोळे नसतात, म्हणून तिथे माणूस फिरता ठेवायचा. शिवाय कुणी "मेगर मारून बघू", म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र लावून बघू, म्हणालं तर आधी सगळे डिटेक्टर उतरवायचे आणि पॅनलच्या वायरी सोडवायच्या. मेगर ५०० व्होल्ट सोडतो. डिटेक्टरच्या पोटातलं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जळून जातं आणि मग खरी समस्या विकत घेतल्यासारखं होतं.

पाणी कुठे शिरलंय ते शोधायला आम्ही झोन अर्धा केला. मधल्या एका डिटेक्टरच्या बेसवर लाइन तोडून तिथे दुसरा ईओएल लावला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असला रेझिस्टन्स चिल्लर पैशांत मिळतो. अलीकडचा भाग पॅनलवर जिवंत, पलीकडच्या भागाला वॉचमनची गस्त. त्या रात्री पाऊस पडला, अलार्म झाला नाही. म्हणजे दोष पलीकडे. दुसऱ्या रात्री उरलेल्याचा अर्धा. तिसऱ्या दिवशी आम्ही आठव्या मजल्यावरच्या रिफ्यूज एरियात एका जंक्शन बॉक्ससमोर उभे होतो.

रिफ्यूज एरिया म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला ठेवलेली मोकळी जागा. ती एका बाजूने उघडी, आणि आमची नैर्ऋत्येकडे तोंड करून. पाऊस आडवा येतो तो थेट भिंतीवर. बॉक्सचं झाकण काढलं तर तळाला चहाच्या अर्ध्या कपाएवढं पाणी, त्यात मेलेल्या मुंग्या. वायरींचा जोड नुसता पीळ मारून काळ्या टेपने गुंडाळलेला. टेप सोलली तर तांबं हिरवंगार. कंड्युट, म्हणजे वायरींची नळी, बॉक्समध्ये वरून घातलेला, आणि तोंड घट्ट बंद करणारी ग्लँड नाही. म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी कंड्युटचा हात धरून सरळ बॉक्सच्या आत. आणि खारी हवा सुटलेली, त्यामुळे हे पाणी करंटला चांगलीच वाट देत होतं. दिवसा ऊन-वारा लागला की जोड सुकायचा आणि एएमसीवाला यायचा तेव्हा सगळं ठणठणीत.

दुरुस्ती तासाभराची होती. नवा वेदरप्रूफ बॉक्स, वायरी खालून आत घेतल्या, त्याआधी केबलला खाली एक झोल दिला म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. ग्लँड घट्ट, आत पिळाऐवजी कनेक्टर. हिरवी पडलेली वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापली. आमचे एक सभासद म्हणत होते की सिलिकॉन भरून टाका. जुन्या बॉक्सवर ते कुणीतरी आधी केलेलंच होतं. वरून सिलिकॉन फासलं की पाणी तरीही कुठून तरी शिरतं, फक्त बाहेर पडायची वाट बंद होते.

खरा धक्का मात्र यानंतर बसला. काम झाल्यावर चाचणी म्हणून आठव्या मजल्यावरची डबी चालवली. पॅनल लाल, बझर चालू, पण वरच्या मजल्यांवरचे हूटर, म्हणजे भोंगे, गप्प. पॅनल उघडलं तर हूटरच्या एका सर्किटच्या वायरी टर्मिनलमधून काढून, टोकांना नीट टेप लावून बाजूला वाकवलेल्या. सहाव्या अलार्मनंतर तक्रारी कमी झाल्या होत्या आणि मी समजत होतो, वॉचमन चपळ झाला. कुणी काढल्या ते मी विचारलं नाही. लागोपाठ तीन आठवडे न झोपलेला माणूस काय करेल ते मला कळतं. पण पावसाळ्याचे काही दिवस वरचे सात मजले हूटरशिवाय होते आणि पॅनलवर हिरवा दिवा शांत जळत होता.

हिरवा कसा? हूटरच्या सर्किटलाही शेवटी ईओएल असतो. वायर काढली की पॅनलने फॉल्ट दाखवायलाच हवा. आमच्याकडे तो ईओएल शेवटच्या हूटरवर नव्हताच. बसवणाऱ्याने तो पॅनलमध्येच, टर्मिनलवर, वायरीच्या बरोबरीने खोचून दिला होता. म्हणजे पॅनल स्वतःच्याच पोटातला रेझिस्टन्स मोजून खूश. पुढची शंभर मीटर वायर असो वा नसो. हे आळसाचं काम आहे आणि मला वाटतं, बसवणुकीतल्या सगळ्या चुकांमध्ये हीच सर्वात घातक, कारण ती दिसत नाही. शिडी लावून चौदाव्या मजल्यापर्यंत जायचं कुणाच्या तरी जिवावर आलं, एवढीच गोष्ट.

तपासायला अक्कल लागत नाही. झोनमधला शेवटचा डिटेक्टर बेसमधून फिरवून काढा. पॅनलवर मिनिटभरात फॉल्ट यायला हवा. नाही आला तर ईओएल जागेवर नाही. आमच्या आठ झोनपैकी तीन असे निघाले. एएमसीच्या माणसाला ही चाचणी तुमच्यासमोर करायला लावा आणि निकाल वहीत लिहून सही घ्या.

दिवा पेटलेला डिटेक्टर सापडला, तर प्रकरण सोपं असतं. स्मोक डिटेक्टरच्या आत एक काळी डबी असते, तिच्यात प्रकाशाचा एक झोत आणि त्याच्याशी कोन करून बसवलेला डोळा. एरवी डोळ्याला प्रकाश दिसत नाही. धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि डोळ्यावर पडतो. धूळ, वाफ, बारीक किडा, सगळं त्याला धुरासारखंच. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा येतो, तेव्हा लॉबीतले डिटेक्टर हमखास बोंबलतात. गणपतीत आरतीचा धूप थेट डिटेक्टरखाली, हेही दरवर्षीचं. धुपाचं पात्र चार पावलं सरकवा, डिटेक्टर नको.

सगळ्यात मोठा शत्रू पीओपी. फ्लॅटचं इंटीरियर निघालं की भिंत घासल्याची पांढरी भुकटी महिनाभर लॉबीत तरंगते. काम चालू असताना डिटेक्टरला प्लास्टिकची टोपी घालायची असते, पण ती संध्याकाळी काढायचीही असते. टोपी घातलेला डिटेक्टर आंधळा. आम्ही मोजले तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या रंगकामाच्या पाच टोप्या अजून डोक्यावर होत्या. आता इंटीरियरची परवानगी देतानाच वॉचमनच्या वहीत टोप्यांचा आकडा लिहिला जातो, सकाळी किती घातल्या, संध्याकाळी किती परत आल्या.

साफ करताना ओलं फडकं किंवा झुरळांचा स्प्रे नको. व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश. तपासायला डिटेक्टरसाठीचा धुराचा कॅन मिळतो तो वापरा. उदबत्तीने डिटेक्टर चालतो खरा, पण तिचा तेलकट थर आत बसतो आणि पुढच्या खोट्या अलार्मची पेरणी होते. दहा वर्षांच्या आसपास वय झालेला डिटेक्टर साफ करत बसण्यापेक्षा बदलावा. आणि कुणी सुचवलं की लॉबीत स्मोकऐवजी हीट डिटेक्टर लावा म्हणजे कटकट नको, तर ऐकू नका. हीट डिटेक्टर स्वयंपाकघरात ठीक, जिथे वाफ-फोडणी रोजचीच. धुमसणारी वायर मात्र लॉबी तापायच्या कितीतरी आधी जिना धुराने भरून टाकते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. पॅनलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. महावितरणची लाइट असताना मेलेली बॅटरीसुद्धा जिवंत दिसते. म्हणून पॅनलचा मेन बंद करून, हूटर मिनिटभर चालवून, तेव्हाच व्होल्टेज मोजायचं. २१ च्या खाली गेलं तर दोन्ही एकदम बदला, एक जुनी एक नवी चालत नाही. तीन-चार वर्षांत त्या थकतातच, मीटर रूमच्या उकाड्यात लवकर. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची, म्हणजे आपली. एएमसी दिली म्हणून ती टळत नाही. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. आमचा जुलैचा फॉर्म त्या मुलाने वहीवरूनच भरून आणला होता, आणि त्यात हूटर सुस्थितीत होते. तो मी परत पाठवला. चेअरमन थोडे नाराज झाले, पण सही त्यांचीच जाणार होती हे सांगितल्यावर शांत झाले.

आता दर रविवारी सकाळी अकराला एक डबी चालवतो, दर वेळी वेगळ्या मजल्यावरची. व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी निरोप जातो. मुलं हूटर मोजतात, कुठल्या मजल्याचा ऐकू आला नाही ते ओरडून सांगतात. तपासणीचा याहून चांगला बंदोबस्त मला सुचलेला नाही. इमारत रिकामी करायची तालीम १४ एप्रिलला ठेवली आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, कित्येक बंबवाले गेले. अग्निशमन सेवा सप्ताह तेव्हापासूनच्या आठवणीचा. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने माणसंही घरी सापडतात.

झोन ५ त्यानंतर वाजलेला नाही. पार्किंगच्या झोन १ ला मात्र परवापासून पिवळा दिवा येतो आणि आपोआप जातो. बहुतेक कुणाच्या तरी टेम्पोची ताडपत्री कंड्युटला अडकली असावी. शनिवारी शिडी घेऊन उतरतोय.